टेबलाच्या वरचे लोक

आपल्या धंद्यात 'हॅकर' हा शब्द कुठून आला असं विचारलं की बहुतेक जण एमआयटीकडे बोट दाखवतात. जरा जास्त वाचणारा असेल तर पुढची गोष्टही सांगतो. एमआयटीत टेक मॉडेल रेलरोड क्लब नावाचा एक क्लब होता (अजूनही आहे). छोट्या आगगाड्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचा. १९४६-४७च्या सुमारास तो सुरू झाला. महायुद्धाच्या काळात घाईघाईने उभारलेल्या 'बिल्डिंग २०' नावाच्या लाकडी इमारतीत त्यांची खोली होती आणि खोलीभर पसरलेलं एक भलंथोरलं टेबल. टेबलाच्या वर रूळ, गाड्या, डोंगर, घरं. टेबलाच्या खाली तारांचं जंगल आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसले रिले.

टेबलाखाली घुसणाऱ्या गटाचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर सबकमिटी'. कुठली गाडी कुठल्या रुळावर, कुणाच्या ताब्यात, किती वेगाने जाईल हे ठरवणारी यंत्रणा ही मंडळी रात्र रात्र जागून जोडायची. १९५९ साली पीटर सॅमसनने क्लबच्या बोलीचा एक छोटा शब्दकोशच लिहिला. 'हॅक' हा शब्द त्यात आहे. १९६१ साली एमआयटीत पीडीपी-१ हा कॉम्प्युटर आला आणि टेबलाखालची बरीच मंडळी तिकडे सरकली. १९६२ साली त्या मशीनवर 'स्पेसवॉर' हा गेम तयार झाला. मग १९८४ साली स्टीव्हन लेव्हीचं 'हॅकर्स' हे पुस्तक आलं आणि ही सगळी हकीगत आपल्या धंद्याचं स्थळपुराण होऊन बसली.

माझी तक्रार एवढीच, की हे पुराण नेहमी टेबलाखालूनच सांगितलं जातं. क्लबात दुसराही एक गट होता. खऱ्या गाड्यांचे फोटो बघून डबे रंगवणारा, प्लास्टरचे डोंगर करणारा, जुन्या फाट्यांवरच्या गाड्या बंद पडायच्या आत त्यांतून एकदा फिरून येणारा. ही मंडळी पुराणात दीड ओळीत संपतात. जणू खाली खरं इंजिनिअरिंग चाललं होतं आणि वर रांगोळी! (फ्रंटएंडवाल्या दोस्तांना हे दुःख ओळखीचं वाटेल.)

तर आजचा लेख या टेबलाच्या वरच्या लोकांबद्दल. एमआयटीपुरता नाही, एकूणच. डोंगर, घरं आणि इंजिनं बनवणं हे शोभेचं काम नाही असं माझं म्हणणं आहे. आणि कधी कधी तर अख्खं गाव नाहीसं झाल्यावर ते कसं होतं हे सांगायला या लोकांचं कामच तेवढं उरतं.

सुरुवात अर्थातच खेळण्यांपासून झाली. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांची आगगाडी मांडली. म्हणजे आज इंजिन घ्या, पुढच्या नाताळात डबे घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी जास्तीचे रूळ घ्या, सगळं एकमेकांना जुळणार. इंग्लंडमध्ये १९२० साली हॉर्नबीच्या गाड्या आल्या. पण ही सगळी खेळणीच. माप असायचं ते रुळांच्या रुंदीचं. त्यावर धावणारं इंजिन खऱ्याच्या प्रमाणात असलंच पाहिजे असा कुणाचा आग्रह नव्हता, आणि शेजारचं स्टेशन तर पत्र्याचा एक रंगीत डबा.

खेळण्याचं 'मॉडेल' झालं ते प्रमाण आल्यावर. आज जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ. नाव आलं 'हाफ ओ'वरून, म्हणजे आधीच्या 'ओ' मापाच्या निम्मं. हिशोब सोपा आहे, खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. गुणोत्तर १:८७. पावणेसहा फुटी माणूस होतो दोन सेंटिमीटरचा. अमेरिकेत जानेवारी १९३४ मध्ये 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक निघालं आणि १९३५ साली मिलवॉकीत हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या संघटनेने पहिलं महत्त्वाचं काम केलं ते चाकं आणि रुळांच्या मापांचे नियम ठरवण्याचं. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून घसरू नये म्हणून. आपल्या भाषेत, इंटरफेस आधी ठरवला, मग ज्याला जे बांधायचं ते बांधू दे.

आता प्रमाण एकदा मान्य केलं की एक भयंकर अडचण उभी राहते. गणित करून बघा. १:८७ मध्ये एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे ७३५ मीटर! २४ डब्यांची गाडी साडेसहा मीटर लांब भरते. कुठल्या फ्लॅटचा हॉल एवढा असतो? वळणांचं तर त्याहून अवघड. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत. प्रमाणात ती होते दोन मीटर, म्हणजे गाडी नुसती गोल फिरवायची तरी चार मीटर व्यासाचं टेबल लागणार. घरोघरी चालणारं एचओचं नेहमीचं वळण असतं १८ इंच त्रिज्येचं. खऱ्या जगात हे चाळीस मीटर झालं. असल्या वळणावर मोठी गाडी कधीच जाणार नाही.

मग करायचं काय? डोंगर. त्या आखूड वळणावर डोंगर घाला, दोन्ही बाजूंना बोगद्याची तोंडं करा. गाडी एका तोंडातून आत गेली, थोड्या वेळाने दुसरीकडून बाहेर आली. मधे तिने काय कसरत केली ते बघणाऱ्याला कळतच नाही. उलट त्याला वाटतं, गाडी लांब कुठेतरी जाऊन आली. म्हणजे हा डोंगर दिसायला बरा म्हणून ठेवलेला नाही, तो भार उचलतोय. दोन गावांमध्ये तीन फूटच अंतर असेल तर मधे टेकडी उभी करतात, झाडी लावतात, नाहीतर रस्त्याचा पूल घालतात, म्हणजे एका जागी उभं राहिलं की एकच गाव दिसतं. इम्प्लिमेंटेशन लपवा आणि बघणाऱ्याला हवं तेवढंच दाखवा, हे तत्त्व आपण पुस्तकात वाचतो. ही मंडळी ते प्लास्टरमध्ये करत होती.

हे काम गंभीरपणे घेणाऱ्या पहिल्या काही जणांत लंडनचा जॉन एहर्न येतो. १९३०च्या दशकाच्या शेवटी त्याने 'मॅडर व्हॅली' नावाची रेल्वे बांधायला घेतली. ही दरी नकाशावर कुठे नाही, सगळी कल्पनेतली. पण तिच्यातली घरं, गिरण्या आणि पब इंग्लंडमधल्या खऱ्याखुऱ्या इमारतींवरून केलेले. तोवर बहुतेकांचा क्रम असा असायचा, की आधी इंजिन, मग रूळ, आणि उरलेल्या जागेत थोडी हिरवळ. एहर्नने रेल्वे आणि गाव एकच मानलं. आपलं तंत्र त्याने तीन पुस्तकांत लिहून ठेवलं, एक इमारतींवर, एक निसर्गदृश्यावर आणि एक इंजिनांवर. या तीन पुस्तकांवर इंग्लंडमधल्या हौशी लोकांची अख्खी पिढी शिकली.

डोंगराचं तंत्र मात्र अमेरिकेत बदललं. सुरुवातीला लाकडी सांगाड्यावर तारेची जाळी ठोकायची आणि तिच्यावर प्लास्टरचे थर द्यायचे अशी पद्धत होती. डोंगर इतका जड व्हायचा की टेबल वाकायचं, आणि वाकलेल्या टेबलावर रूळ सरळ राहत नाहीत. 'मॉडेल रेलरोडर'चा संपादक लिन वेस्टकॉट याने 'हार्डशेल' पद्धत रुळवली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची किंवा चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा ढीग करायचा. कागदी टॉवेल पातळ प्लास्टरमध्ये बुडवून त्या आकारावर एकावर एक पसरायचे. प्लास्टर साधं नाही, हायड्रोकॅल नावाचं, जास्त कडक होणारं. वाळल्यावर आतली वर्तमानपत्रं काढून टाकायची. उरतं ते जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं कवच, हलकं आणि स्वतःच्या आकारावर उभं राहणारं.

हे वाचताना तुम्हाला काही आठवलं का? मला तरी लगेच दिवाळीचा किल्ला आठवला. विटा आणि दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून मातीचा हात, मग अळीव नाहीतर मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचं. तत्त्व तेच, आत काहीतरी भरताड आणि वरून कापडाचं कवच. महाराष्ट्रातल्या पोरांनी हे संशोधन कुठलंही मासिक न वाचता केलेलं आहे. :) फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावर प्रमाण नसतं. मावळा दरवाजापेक्षा उंच, महाराज बुरुजापेक्षा मोठे, आणि पायथ्याशी एक प्लॅस्टिकचा वाघ घोड्याएवढा. पण त्यात कुणालाच खटकत नाही, कारण तिथे महत्त्वाप्रमाणे आकार ठरतो. महाराज मोठेच असणार! मॉडेल रेल्वेवाल्याला ही सोय नाही. त्याच्याकडे सगळं १:८७.

वेस्टकॉटबद्दल अजून एक गोष्ट. टेबलाचा सांगाडा बांधायची 'एल-गर्डर' पद्धत त्याचीच. लाकडाच्या दोन पट्ट्या इंग्रजी एलच्या आकारात जोडून केलेले वासे, त्यावर आडवे पट्टे, सगळे स्क्रू खालून. म्हणजे वरचा डोंगर न फोडता खालचा पट्टा सरकवता येतो. आणि गाडीचा वेग सावकाश कमीजास्त करणाऱ्या ट्रान्झिस्टर कंट्रोलरची सर्किट्सही यानेच मासिकातून लोकांपर्यंत पोचवली. डोंगर करणारा आणि सर्किट करणारा एकच माणूस. टेबलाच्या वर आणि खाली अशी भिंत नंतर आपण घातली, त्याने घातलेली नव्हती.

आता या सगळ्यांचा राजा. जॉन अॅलन. धंद्याने फोटोग्राफर, कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा रहिवासी. १९४६ साली त्याने एक छोटं टेबल बांधलं आणि रेल्वेचं नाव ठेवलं 'गॉरे अँड डॅफेटिड'. मोठ्याने इंग्रजीत म्हणून बघा, 'गोरी अँड डिफीटेड' ऐकू येतं, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. १९५३-५४च्या सुमारास तो नव्या घरात आला आणि तळघरात त्याने रेल्वेचं शेवटचं आणि सगळ्यात मोठं रूप उभारायला घेतलं. ते पहिलं छोटं टेबल त्याने टाकून दिलं नाही, मोठ्या मांडणीत एका कोपऱ्यात बसवून टाकलं. (जुना कोड नव्या सिस्टिममध्ये जपणारी माणसं तेव्हाही होती.)

अॅलनने डोंगर टेबलावर ठेवले नाहीत. त्याचे डोंगर जमिनीपासून सुरू व्हायचे ते छतापर्यंत. दऱ्या माणसाच्या गुडघ्याखाली गेलेल्या आणि त्यांवर पूल. बघणारा दृश्याच्या समोर नाही, दृश्याच्या आत उभा. अंतर फसवण्यासाठी मागची घरं आणि झाडं मुद्दाम लहान प्रमाणात. काही ठिकाणी आरसे असे दडवलेले की अर्धं बांधलेलं गाव पूर्ण वाटावं. यातली निम्मी अक्कल फोटोग्राफरची आहे. कॅमेऱ्याला काय दिसतं आणि डोळ्याला काय खरं वाटतं यातला फरक त्याला धंद्यामुळेच ठाऊक होता.

पण अॅलनचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे मळ. होय, मळ! त्याच्या आधी मॉडेल म्हणजे नवंकोरं, चकचकीत. अॅलनने इंजिनांवर काजळी चढवली, डब्यांना गंज लावला, फळ्या वाकवल्या, छपरांवर कबुतरांची शिट दाखवली. पातळ काळा रंग प्लास्टरच्या खडकावर सोडला की तो आपोआप भेगांत जाऊन बसतो आणि उंचवटे उजळ राहतात, मग खडक खडकासारखा दिसतो. इमारतींचंही तसंच. पाणी कुठून गळतं, धूर कुठे लागतो, माणसांचे हात कुठे लागतात, याचा विचार केल्याशिवाय मळ नीट लावता येत नाही. सरसकट तपकिरी रंग फासला तर ते घाणेरडं दिसतं, जुनं दिसत नाही. जुनं दिसण्यासाठी त्या घरात कोण राहतं आणि काय करतं हे ठरवावं लागतं. म्हणून अॅलनचं गाव बघताना तिथे माणसं राहतात असं वाटतं.

त्याचे फोटो 'मॉडेल रेलरोडर'मध्ये आणि व्हार्नी कंपनीच्या जाहिरातींत यायचे आणि लोक ते महिनोन् महिने न्याहाळायचे. माणूस विनोदीही होता. डबे इकडून तिकडे ढकलायला त्याच्या रेल्वेत इंजिनाऐवजी एमा नावाचा एक स्टेगोसॉरस होता. सगळं काटेकोर प्रमाणात आणि मधेच डायनासोर! डबे योग्य क्रमाने लावायचं 'टाइमसेव्हर' नावाचं रुळांचं कोडंही त्याचंच. अल्गोरिदमची आवड असणाऱ्यांनी एकदा कागदावर सोडवून बघा, दिसतं तेवढं सोपं नाही.

६ जानेवारी १९७३ रोजी अॅलन हृदयविकाराने गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी तळघरात आग लागली आणि गॉरे अँड डॅफेटिड जळून गेली. काही तुकडे वाचले तेवढेच. सुमारे वीस वर्षांचं काम एका रात्रीत राख.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बसलो होतो. सर्व्हर जळाला तर आपण बॅकअपवरून परत उभा करतो. याचा बॅकअप कुठून आणणार? पण विचार केला तर एक प्रकारचा बॅकअप होता. त्याने काढलेले फोटो होते. वेस्टकॉटने ते आणि अॅलनची सगळी तंत्रं गोळा करून पुस्तक लिहिलं. १९८० साली वेस्टकॉट स्वतः गेला आणि १९८१ साली पुस्तक बाहेर आलं. जगात कुणी आज डब्याला गंज लावतो तेव्हा त्याला नाव माहीत असो नसो, तो अॅलनचंच काम पुढे नेत असतो. कल्पनेतलं गाव जळालं, पण ते बांधायची रीत शिल्लक राहिली.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. रॉय इंग्लंड नावाचा माणूस. आडनाव इंग्लंड, पण होता ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली विशीच्या आत इंग्लंडला आला आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या भागातल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली छपरं, ओबडधोबड भिंती, परसात भाजीचे वाफे. पण त्याच्या डोळ्यांदेखत ही घरं बदलायला लागली. शाकारलेलं छप्पर उतरवून त्यावर बाजारातलं नवं छप्पर यायचं, जुनी घरं पडायची. कुणी वाईट हेतूने करत नव्हतं. राहणाऱ्यांना गळकं छप्पर नको होतं, एवढंच. रॉयला ते थांबवता येणार नव्हतं. मग त्याने वही, टेप आणि कॅमेरा घेतला. घरं मोजली, फोटो काढले, आणि १९३०च्या दशकात एकेक घर पुठ्ठ्याचं करायला सुरुवात केली. प्रमाण एक फुटाला चार मिलिमीटर.

१९५४ साली लाँग विटनहॅम या गावी त्याने पेंडन संग्रहालय सुरू केलं. पुढची चाळीस वर्षं, १९९५ साली जाईपर्यंत, तो आणि त्याच्याभोवती जमलेले स्वयंसेवक हेच करत राहिले. शाकारणीसाठी प्लंबर लोक नळाच्या आट्यांना गुंडाळतात तो तंतू, जुडी जुडी करून चिकटवलेला. विटा एकेक आखून रंगवलेल्या. एका घराला शेकडो तास. काळ पक्का ठरलेला, १९२० आणि ३०ची दशकं. त्यानंतरची एकही वस्तू दिसता कामा नये.

इंजिनांचं काम तिथे गाय विल्यम्सने केलं (नावाला हसू नका). तयार मॉडेल घेऊन रंग द्यायचा, असं नाही. पितळेचा किंवा निकेल-सिल्व्हरचा पत्रा बारीक करवतीने कापायचा, वळवायचा, डाग देऊन जोडायचा. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली असतात. एका बाजूची दांडी सगळ्यात वर असताना दुसऱ्या बाजूची तिच्याशी काटकोनात हवी आणि प्रत्येक आसावर हा काटकोन अगदी तंतोतंत सारखा हवा. एका चाकात केसभर फरक पडला की दांड्या अडकतात आणि इंजिन लंगडतं. मोटर कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. हेही टेबलाच्या वरचंच काम. याला रांगोळी म्हणायची हिंमत करून दाखवा.

पेंडनमध्ये ब्रुनेलच्या धाटणीचा एक लाकडी रेल्वेपूलही आहे. असल्या खऱ्या पुलांची लाकडं केव्हाच उतरवली गेली. रॉयने मोजलेली किती घरं आज तशीच उभी असतील? ती बघायची तर पेंडनला जावं लागतं. आणि गंमत म्हणजे एहर्न १९६१ साली गेल्यावर त्याची मॅडर व्हॅलीही पेंडनलाच आली, अजून तिथे आहे. कल्पनेतली दरी आणि आठवणीतली खेडी एका छपराखाली.

एमआयटीच्या पुराणाचंही एक उपकथानक सांगतो. बिल्डिंग २० १९९८ साली पाडली. क्लब दुसऱ्या इमारतीत गेला आणि नवं टेबल बांधायला लागला. त्या टेबलावर एमआयटीतल्या ग्रीन बिल्डिंग या उंच इमारतीचं मॉडेल आहे. तिच्या खिडक्यांत दिवे बसवले आणि खिडक्यांचा पडदा म्हणून वापर करून त्यावर टेट्रिस खेळायची सोय केली. पुढे एप्रिल २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी खऱ्या ग्रीन बिल्डिंगवर टेट्रिस चालवून दाखवलं. आधी मॉडेल, मग खरी इमारत. टेबलाच्या वर घर बांधलं नसतं तर खालच्या तारा लावल्या कशाला असत्या?

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे आणि पुणेकरांपैकी बऱ्याच जणांनी ते शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं. पुन्हा गेलात तर पाच मिनिटं गाडीकडे न बघता नुसतं तिच्या आजूबाजूला बघा. आता वेगळं दिसेल.

पण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट घोळते आहे. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी आणि कुर्डुवाडी जोडणारी अडीच फुटी नॅरोगेज सुरू केली. पुढच्या तीस वर्षांत ती एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. कित्येक पिढ्यांचे वारकरी या गाडीने पंढरपूरला गेले. हाच कॅलथ्रॉप बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडला गेला आणि १९०४ साली 'लीक अँड मॅनिफोल्ड' ही छोटी रेल्वे त्याने उभारली. तिथल्या इंजिनांवर बार्शीची छाप स्पष्ट दिसायची. ती रेल्वे १९३४ सालीच बंद पडली, पण तिची मॉडेलं करणारे इंग्रज आजही आहेत. तिच्या मोजमापांसह, स्टेशनांसह.

आणि बार्शी लाइट? तिथे आता ब्रॉडगेज आहे. प्रवाशांसाठी ते चांगलंच झालं, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. रॉयच्या खेड्यातल्या लोकांनाही गळकं छप्पर नकोच होतं. पण ती छोटी स्टेशनं कशी होती, पाण्याची टाकी कुठे होती, फलाटाची उंची किती, भिंतीला रंग कुठला, हे मोजून लिहून ठेवलं आहे का कुणी? आपण 'काय मस्त गाडी होती' एवढंच म्हणतो. तेवढ्याने डोंगर उभा राहत नाही.

तंत्राच्या बाजूने तर नशीब आपल्याबरोबर आहे. आपलं ब्रॉडगेज एचओमध्ये करायचं तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवेत, आणि बाजारातले एचओचे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी आहेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून तडजोड. पण बार्शीचे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७ केले की येतात पावणेनऊ. आणि 'एन' नावाच्या त्याहून छोट्या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात नऊ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा! त्या रुळांवर धावणाऱ्या इंजिनांचा सांगाडाही घेता येतो, वरचं धूड फक्त आपण करायचं. नॅरोगेजवाले जगभर हेच करतात.

इंजिन नंतर करू. आधी काम आहे ते टेपचं. सोलापूर, धाराशिव, लातूरकडचे कुणी वाचत असाल आणि जुन्या लाइनवरची एखादी इमारत अजून उभी असेल, तर एक रविवार त्यासाठी काढा. फोटो तिरका नको, भिंतीच्या अगदी समोरून. भिंतीला टेकवून एक मीटरची काठी उभी करा, म्हणजे फोटोवरून बाकीची मापं काढता येतात. चारी बाजू घ्या, दारं-खिडक्या मोजा, भिंतीची जाडी मोजा, छपराचा उतार बघा. आणि मळ कुठे आहे तेही लिहून ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तिकिटाची खिडकी कुठल्या बाजूला होती आणि गाडीची वाट बघताना सावलीला कुठे बसायचात.

मोजमापं मिळाली तर मला पाठवा. पुठ्ठा आणि कटर घेऊन मी बसलेलो आहे.